दोन पाकळ्यांची झडप

मंदाला खोटं बोलता येत नाही, हा तिच्यातला मोठा दोष. समोरचाही खोटं बोलत नसेल असं तिला वाटतं, हा त्याहून मोठा. साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी करते. पर्वत पाटियाचा व्यापारी गठ्ठ्यात चुकून एक साडी जास्त टाकून गेला, तर ही त्याला हाक मारून परत देते. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत असलं माणूस शोधून सापडायचं नाही. मी तिची शेजारीण, उषाबाई. अशी माणसं पाहिली की मला आधी हसू येतं, मग राग येतो.

पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं तेव्हा तिला सातवा महिना होता. सासू धुरपदाबाईंनी तिला दार लावून आत बसवलं. कापायचं नाही, चिरायचं नाही, जागचं हलायचंही नाही. मंदा मुकाट बसली. बसल्या बसल्या बाहीचा एक दोरा लोंबताना दिसला आणि हाताच्या सवयीनं तिनं तो दातानं तोडला. कुणीही पाहिलं नव्हतं.

पुढं वर्षा झाली. गोड पोर, खेळताना जरा लवकर दमायची इतकंच. तीन वर्षांची झाली आणि एक दिवस नळापाशी पळता पळता चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयातून अंगभर रक्त सोडणाऱ्या झडपेला तीन पाकळ्या असतात. हिच्या झडपेला दोनच आहेत, त्याही चिकटलेल्या, आणि हे जन्मापासूनचं आहे. जन्मापासूनचं म्हटल्यावर आमची सत्यवादी घरी आली, ढसाढसा रडली आणि सासूला त्या दोऱ्याचं सांगून बसली. मी तिथं असते तर तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

धुरपदाबाईंना आयतं कोलीत मिळालं. "पोरनं काळीज मायनीच तोडं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की मंदाला बोलावणं यायचं बंद झालं. खुद्द वर्षाला कुणी विचारलं, "तुला काय झालंय गं?" तर ती हसत सांगायची, "मम्मीने दात से तोड दिया."

सुकदेव, मंदाचा नवरा, भेस्तानला कापडाच्या लूमवर होता. शांत माणूस. त्यानं बायकोला एका शब्दानं दोष दिला नाही. आई बोलायला लागली की मान खाली घालून जेवत राहायचा. "देवमाणूस मिळालाय तुला," असं मीच मंदाला म्हणायचे. आता आठवलं की जीभ हासडावीशी वाटते, माझी नव्हे, त्याची.

वर्षाला तपासणारे डॉक्टर या दुखण्यावर संशोधन करत होते. झडप अशी का घडते याचं पुरतं कारण अजून सापडलेलं नाही, पण काही घरांत ते रक्तातूनच उतरत असावं, असं ते म्हणाले. त्यासाठी ते अशा मुलांच्या आईबापांना बोलावून फुकट तपासत होते. मंदा लगेच तयार झाली. सुकदेवला मात्र एकदा पाळी बदलून मिळेना, एकदा ताप आला, एकदा पोट बिघडलं. शेवटी मी त्याला रिक्षात कोंबलं आणि बरोबर गेले.

दवाखान्यात मंदानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर डॉक्टरांना दोऱ्याचं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर हसले नाहीत. "दिवाली में कौन सा महीना चल रहा था?" त्यांनी विचारलं. सातवा, म्हणाली. "बहन, दिल तो पहले दो महीने में बन जाता है. सातवें में धागा तोड़ो या रस्सी, दिल को कुछ नहीं होता."

मंदा पदर तोंडाला लावून रडली. ते रडणं वेगळं होतं, ते ऐकून मलाही बरं वाटलं.

तिच्या हृदयात काही निघालं नाही. मग सुकदेवची वेळ आली. डॉक्टरांनी त्याच्या छातीवर नळी टेकवली मात्र, सुकदेव पुढं वाकला, सगळा श्वास सोडला आणि थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षाला असंच करायला डॉक्टरांनी शिकवलं होतं, मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर मारायची आणि थांबायचं. पोर टाळ्या पिटत ओरडली, "पप्पा को भी आता है!"

मंदानं नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. "पहले किसने चेक किया था?" त्यांनी विचारलं.

मग बाहेर पडलं. लग्नाआधी पोलीस भरतीसाठी धुळ्याला गेला असताना डॉक्टरांनी छाती ऐकून त्याला परत पाठवलं होतं, झडपेत दोष आहे म्हणून सांगितलं होतं. आई म्हणाली, कुणाजवळ बोलू नको, पोरगी मिळायची नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्याचीही झडप दिसली: दोन पाकळ्या. डॉक्टर एवढंच म्हणाले, की हे आधी ठाऊक असतं तर पोर जन्मली तेव्हाच तपासली असती, ती पडेपर्यंत थांबावं लागलं नसतं.

घरी आल्यावर मंदा त्याला म्हणाली, "तुमले बिमारी व्हती याना माले राग नही. मी रडत ऱ्हायनी अन् तुम्ही आयकत ऱ्हायनात, त्याना राग शे." सुकदेव म्हणाला, "तूच सांगं व्हतं दोरानं. मी कोठे काय म्हनं?"

अशी उत्तरं देवमाणसांनाच सुचतात.

वर्षाची झडप पुढं मुंबईला रक्तवाहिनीतून फुगा घालून उघडली, ते नीट झालं. हे आधीच सांगून टाकते. मुंबईला निघायच्या दिवशी पोरीला बघायला सगळे नातेवाईक जमले होते. धुरपदाबाईंनी नेहमीचं सुरू केलं. मंदा सुकदेवकडे बघत थांबली. तो बशीतला चहा फुंकत होता. तेव्हा तीच उभी राहिली आणि सगळ्यांसमोर डॉक्टरांचं बोलणं, दोऱ्याचं आणि सुकदेवच्या झडपेचंही, जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी सुकदेवकडे पाहिलं.

"डॉक्टर लोके काही भी बोलतस," सुकदेव म्हणाला.

धुरपदाबाईंनी मान डोलावली. कुणीतरी खोकलं. मंदा खाली बसली आणि पोरीचे बूट घालू लागली. बंद अडकेना. वर्षा आईच्या तोंडाकडे बघत होती. मग ती वळली.

"पप्पा, मम्मीने नहीं तोड़ा?"

सुकदेव उठला, पिशवी घेतली आणि रिक्षा आली का बघायला बाहेर गेला. रिक्षा केव्हाची दारात उभी होती.