बुरशी लागलेली फ्लॉपी

आंबी गावी आमच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं होती. आई दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायला जायची, आबा कंपनीच्या गेटवर वॉचमन. दहावीपुढं कुणी गेलेलं नव्हतं. त्या घरातली मी कॉलेजात गेले आणि दर रविवारी सकाळी लोणावळ्याला सुधाकरकाकांच्या खोलीवर जाऊ लागले. काका गेल्याचा फोन महिन्यापूर्वी आला. तेव्हापासून ती खोलीच डोळ्यांपुढं आहे...

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. त्यांचा एकच संगणक आणि त्याभोवती आम्ही नऊ जण, हे आमचं संगणक मंडळ. इंटरनेट हा शब्दही तेव्हा ऐकला नव्हता. काकांचा नियम कडक होता. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, शेजाऱ्यानं तो पेन्सिलीनं ओळ न् ओळ चालवून बघायचा, चूक निघाली नाही तरच कीबोर्डला हात. काका स्वतः तीन वर्षं आलेखाच्या कागदावर चौकोन भरून संगणकासाठी मराठी अक्षरं बसवत होते. एकदा मी आबांना तिथं घेऊन गेले. पडद्यावर त्यांचं नाव उमटलं. "हे माझंच व्हय? म्हंजे मास्तर, पोरगी हितं टवाळक्या करत न्हाई."

"करते की. पण वहीत करते," काका म्हणाले.

त्याच पावसाळ्यात काका गावी काकूंकडं गेले, किल्ली माझ्याकडं. लोणावळ्याची ओल म्हणून फ्लॉप्या आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवायचो, तरी एकीवर बुरशीचे ठिपके दिसले. वाचते का बघावं म्हणून ती मशीनमध्ये घातली. वाचेना. मग बाकीच्या तरी ठीक आहेत का म्हणून दुसरी घातली, तिसरी... अक्षरांच्या सगळ्या, जपून ठेवलेल्या प्रतीसुद्धा. पहिलीची बुरशी आतल्या वाचणाऱ्या भागाला चिकटली होती आणि तो प्रत्येक फ्लॉपी खरवडत गेला. दुसऱ्यांच्या वहीतल्या चुका काढणाऱ्या मला हे सुचलं नाही.

काका आल्यावर मी सांगितलं. त्यांनी डबा मांडीवर घेतला. "कागद आहेत ना. पुन्हा भरू," म्हणाले. भरायला ते एकटेच बसले. आम्हाला एकेक करून नोकऱ्या लागल्या, मंडळ बंद पडलं. मी जाईन जाईन म्हणत राहिले. पुढं नजर अधू झाली तसं त्यांनीही सोडून दिलं.

दहाव्याला त्यांच्या पुतण्याला कागदांचं विचारलं. "ताई, ते चौकोन चौकोन रंगवलेले? रद्दीत गेले. आम्हाला वाटलं, काकूंचे विणकामाचे नमुने."

त्या खोलीमुळं मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, जन्मभर संगणकावर नोकरी केली. काकांचं एकही अक्षर आज कुणाकडं नाही.