रक्ताच्या फ्रिजचा मेसेज

जंगलाकडच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात मला कॉम्प्युटर तपासायला बोलावलं, तेव्हा पोरगी जाऊन आठवडा झाला होता. सिकलसेलची पोरगी. तिच्यासाठी आणून ठेवलेलं रक्त फ्रिज बंद पडून खराब झालं, आणि गोंदियाला नेताना ती वाटेतच गेली. फ्रिज गरम व्हायला लागला की त्याला जोडलेल्या छोट्या कॉम्प्युटरने, एका लिनक्स मशीनने, सिस्टरच्या फोनवर मेसेज पाठवायचा आणि सिस्टरने जनरेटर लावायचा, अशी सोय होती. त्या दिवशी मेसेज आलाच नाही. आता सगळ्यांना मशीन खराब निघायला हवं होतं. मशीन खराब असलं की कुणालाच जबाब द्यावा लागत नाही.

सिस्टरने स्क्रीन दाखवली. "देखो ना सर, माझाच नंबर आहे. परवाच पुन्हा टाकून घेतला."

"पुन्हा म्हणजे?"

"लाइट गेली की कधी कधी उडतो. मग कोणी तरी येऊन टाकून देतं."

माझं डोकं फिरलं. आमचे धंदेवाले भाऊ असंच काम करतात. सेटिंग बदलायची, प्रोग्राम परत सुरू करायचा, मेसेज आला की चहा पिऊन निघायचं. अख्खं मशीन बंद करून, लावून बघायला कुणाला वेळ नसतो. मी मशीनची वायर काढली आणि परत लावली. मशीन सुरू झालं तेव्हा स्क्रीनवर नंबर वेगळाच होता.

सिस्टरने तो ओळखला. दवाखान्याच्या जुन्या टेक्निशियनचा होता. माणूस वारून दोन पावसाळे झाले होते.

खोदत गेलो तर त्याचीच करामत सापडली. मशीन सुरू होताना एक छोटा प्रोग्राम त्याची जपून ठेवलेली, त्याचाच नंबर असलेली मूळ फाइल आणून चालू फाइलीवर टाकायचा. कुणी उगाच हात लावून बिघडवलं तरी सगळं परत जागेवर यावं, एवढाच हेतू. हुशार माणूस, फक्त आपण मरू, हे त्याने धरलं नव्हतं. लाइट गेली की मशीन इन्व्हर्टरवर जाताना झटका खायचं, परत सुरू व्हायचं, आणि नेमकं गरजेच्या वेळी सिस्टरचा नंबर विसरायचं.

म्हणजे त्या दिवशी मेसेज गेला होता. "हे सिम कुणाकडे आहे?" मी विचारलं.

"काकूंकडे. चिचगडला," सिस्टर खाली बघत म्हणाली.

मी गाडी काढली. त्याची बायको अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने आतून नवऱ्याचा फोन आणून दिला. पूर्ण चार्ज केलेला. त्यात त्या दुपारचा मेसेज होता, आणि त्याआधीचेही कितीतरी.

"तुम्हाला याचा अर्थ कळला होता?"

"कळन नाई कसा? ते होते तवा घरात हेच तं चालत होतं. मी लगेच दवाखान्यात फोन लावला, फ्रिज गरम होऊन राहिला म्हनून सांगितलं. दरवेळी लावूनच राहिली होती मी."

"मग?"

"त्या दिवशीबी सिस्टर तेच म्हने, काकू, काका आता नाहीत, तुमी आराम करा. एकडाव तं झोपेची गोळी घ्या म्हने."

काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, सिस्टरच्या नंबरासोबत तुमचाही राहू देऊ का?

"राहू द्या. मी सांगत जाईन." मग फुलांवरून हात फिरवत म्हणाली, "त्या दिवशी रक्त कोनासाठी होतं? भेटलं ना?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "नाही भेटलं," मी म्हणालो. "पोरगी होती. वाटेत गेली."

तिने फोन माझ्या हातातून परत घेतला. "मंग काढून टाका माहा नंबर," म्हणाली.

परत येऊन मी मूळ फाइलीतला नंबर बदलला, वायर काढून लावली, फ्रिजचं दार उघडं ठेवलं. थोड्या वेळाने सिस्टरचा फोन वाजला. मेसेज बरोबर आला होता. तिने तो उघडून बघितला नाही. काकू काही बोलल्या का, एवढंच तिने विचारलं.