बाईंची काळी पाच

आमच्या हौशी संगीत नाटक मंडळात कुणी कुणाला "वाईट गायलास" असं तोंडावर म्हणत नाही. त्यासाठी आमची ठरलेली वाक्यं आहेत. "आज माइकवाल्याने घात केला" म्हणजे सूर जरा हलला. "तब्येत बरी नव्हती का?" म्हणजे बराच हलला. आणि प्रयोग संपल्यावर कुणी आत येऊन, आपला हात हातात घेऊन, "कपडेपट काय सुंदर होता हो!" असं म्हणालं, तर चार दिवस फोन बंद ठेवलेला बरा. मला स्वतःला हे वाक्य दोनदा ऐकावं लागलंय. मी ऑर्गन वाजवते, साध्या सुती साडीत, रंगमंचाच्या कडेला बसून. माझा कसला आलाय कपडेपट!

मंडळ डोंबिवलीचं. तालमी शनिवार-रविवारी दुपारी, मानपाडा रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. तालीम तीनची म्हटली की सुरू साडेचारला होते, आणि मधल्या दीड तासात जे चालतं त्यासाठीच निम्मी माणसं येतात, असा माझा पक्का समज आहे. चहा, कुणाच्या तरी घरचा चिवडा आणि गैरहजर माणसाची सालं काढणं. आमचा तबलजी कळव्याच्या कोळीवाड्यातला. त्याला अख्ख्या ठाणे जिल्ह्यातल्या गाणाऱ्यांच्या भानगडी माहीत. कोण कुणाच्या क्लासमधून रुसून निघालं, कुणाला कुठल्या पदात दर वेळी खोकला येतो, सगळं. "मी कोणाला काय बोलत नाय हां," असं म्हणून तो सुरुवात करायचा आणि मग तासभर थांबायचा नाही.

त्याचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे आमचा नायक. हा घोडबंदर रोडला राहतो, कुठल्याशा मोठ्या आयटी कंपनीत आहे, दिसायला देखणा. तालमीला येताना ट्रॅफिकमध्ये अडकला की गाडीतच सगळी पदं म्हणून घेतो, त्यामुळे हॉलवर पोचेपर्यंत त्याचा घसा बसलेला असतो. एकदा ठाण्याच्या प्रयोगाला त्याने आपल्या टॉवरमधली माणसं बस भरून आणली, वन्समोर द्यायला. बिचाऱ्यांनी त्याआधी संगीत नाटक पाहिलेलं नव्हतं. वन्समोर कुठे द्यायचा हे त्याने नीट सांगितलं नसावं, कारण त्यांनी सगळ्यांनाच दिला. नायकाला दिला, खलनायकाला दिला आणि मध्यंतरानंतर मोबाइल बंद ठेवण्याची सूचना झाली तिलाही दिला. तबलजी हा किस्सा सांगताना अजून उठून उभा राहतो.

पण या सगळ्यात सगळ्यात जास्त बोललं जायचं ते बाईंबद्दल. बाई म्हणजे आमची नायिका. सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेली अठरा वर्षांची नायिका. हसू नका, संगीत नाटकात नायिकेचं वय कानाने मोजतात. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे डोंबिवलीतली निम्मी पन्नाशीची माणसं अजून त्यांना रस्त्यात बघून शर्टाची बटणं तपासतात. मला मंडळात त्यांनीच आणलं. मी बँकेतून सुटून त्यांच्या घरी पेटी वाजवायला जायचे, त्या मला आधी भात खायला घालायच्या आणि मग चुका काढायच्या.

बाईंची पट्टी काळी पाच. पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, बायकांच्या आवाजालाही उंचच. बाईंना त्याचा भारी अभिमान. दर प्रयोगाआधी नटराजासमोर नारळ वाढवताना त्या सगळ्यांच्या देखत म्हणायच्या, "ज्या दिवशी काळी पाच सोडावी लागेल, त्या दिवसापासून तोंडाला रंग लावणार नाही." आम्ही मान डोलवायचो आणि त्या विंगेत गेल्या की कुजबुजायचो, की अजून किती दिवस?

मग लॉकडाउन आला. दोन वर्षं नाट्यगृहं बंद, तालमी बंद. पुन्हा जमलो तेव्हा बाईंचा आवाज पहिल्याच पदात वरच्या षड्जाला जाऊन चिरकला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा गायल्या, पुन्हा तेच. "धूळ आहे हॉलमध्ये," त्या म्हणाल्या. आमच्या दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे हॉल झाडून घेतला. तिसऱ्यांदाही तेच झालं. त्या दिवशी बाई गेल्यावर कुणी काही बोललं नाही, आणि आमच्याकडे असं कधी होत नाही.

त्यांना पट्टी उतरवा म्हणणं शक्य नव्हतं. म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी मंडळ सोडलं असतं. शब्द दिला की दिला, अशी बाई. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी परदेशात. शनिवार-रविवारचा हा हॉल सोडला तर त्यांना दुसरं काय होतं, हे मला त्यांच्या घरी भात खाल्लेला असल्यामुळे चांगलं माहीत होतं.

तेव्हा मी एक उद्योग केला. आमचा जुना पायपेटीचा ऑर्गन कधीच मोडीत निघाला होता आणि मी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवत होते. त्याला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं काळ्या पाचवर ठेवली तरी सूर खालचा निघतो. बाई गाताना माझ्या बोटांकडे बघतात, हे मला ठाऊक होतं. बोटं काळ्या पाचवर, सूर अर्धा खाली. मोबाइलवरचा तानपुराही मीच लावायचे, तोही उतरवला. तबला त्या सुरात मिळवायला हवा, म्हणून तबलजीला सांगणं भाग होतं. दिग्दर्शकांना सांगितलं. दोघांनाही आईची शपथ घातली.

आठवड्याभरात मंडळातल्या चौदाच्या चौदा माणसांना कळलं होतं.

"अगं, मी फक्त एकालाच बोललेलो," तबलजी म्हणाला.

मला वाटलं, संपलं आता. ज्या मंडळात सहकलाकाराच्या मेव्हणीचं लग्न मोडलेलं तिच्या आधी सगळ्यांना कळतं, तिथे हे काय टिकणार! पण टिकलं. बाईंच्या कानावर कुणी जाऊ दिलं नाही. मेकअपमनपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे "बाई, काळी पाच म्हणजे काळी पाच!" असं म्हणायला लागले. नायकसुद्धा. त्याच्या पदांच्या वेळी मला बटण पूर्ववत करावं लागायचं, आणि एकदा मी विसरले. तबलजी हातोडी उगारून माझ्याकडे बघतोय, घाईघाईने तबला उतरवतोय, आणि नायक आपला मजेत गातोय. बाहेर येऊन म्हणाला, "आज आवाज काय लागला माझा!" एरवी यावर आम्ही महिनाभर जगलो असतो. पण बोललो असतो तर बटणाची गोष्ट निघाली असती. म्हणून ते हसूही आम्ही गिळलं.

बाईंचा आवाज परत आला. कल्याणच्या प्रयोगात त्यांना दोन वन्समोर मिळाले, तेही बस न आणता. पहिल्या रांगेतले, मांडीवर ताल धरणारे, चूक झाली की मोठ्याने "च्च" करणारे आजोबा आत येऊन बाईंना वाकून नमस्कार करून गेले. कपडेपटाचा विषयही निघाला नाही. मी खूश होते आणि मला रोज रात्री अपराधीही वाटत होतं. ज्या बाईने मला सूर ओळखायला शिकवलं, तिलाच मी सुरात फसवत होते.

चारेक महिन्यांनी एका दुपारी बाई माझ्या घरी आल्या. डब्यात अळूवड्या होत्या. डबा ओट्यावर ठेवला, पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, "मंडळात काय झालंय?"

"काय झालंय, बाई?"

"मी तालमीला आले की दाराबाहेर चपला काढताना जरा थांबते. वीस वर्षं थांबतेय. आत माझ्याबद्दल काय चाललंय ते ऐकायला. पूर्वी दर शनिवारी काहीतरी असायचं. बाई जाड झाल्या, बाईंचा सूर हलला, बाईंनी आता आईची कामं करावीत. मला राग यायचा, पण बरंही वाटायचं. आता कुणी काहीच बोलत नाही गं माझ्याबद्दल. घरात माणूस आजारी असलं की त्याच्यासमोर सगळे असे गोडगोड होतात."

मी अळूवडी तोंडात घातली, म्हणजे बोलायला नको.

"किती उतरवलीस?"

वडी घशात अडकली. त्यांनीच पाणी आणून दिलं.

"अर्धा सूर," मी म्हटलं. मला रडूच आलं. "बाई, माझं चुकलं. पण सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात."

"पहिले दोन महिने मला खरंच वाटलं, आवाज परत आला." त्या माझ्याकडे न बघता, ओट्यावरच्या डब्याकडे बघत बोलत होत्या. "देवापुढे साखर ठेवली मी. मग एक दिवस घरी जुन्या पेटीवर गाऊन बघितलं."

मी वाट बघत होते की आता त्या म्हणणार, उद्यापासून मी येणार नाही. मनात मी दिग्दर्शकांना फोन करून काय सांगायचं तेही ठरवायला लागले होते.

"अर्ध्याने भागत नाही," बाई म्हणाल्या. "वरच्या षड्जाला अजून ताण येतो. अजून अर्धा उतरव."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि मला कळलंय हे कुणाला सांगायचं नाही. त्या कळव्याच्या तबलजीला तर मुळीच नाही. चारचौघांत कळलं तर मला शब्द पाळावा लागेल." मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला. "मला थांबायचं नाहीये गं अजून."

मी त्यांचे हात धरले. शाळेत छडी मारणारे हात, किती हलके झाले होते. त्यांच्यावर इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

अजून अर्धा मीच आपणहून उतरवला, असं मी तबलजीला सांगितलं, आणि पुढची दोन वर्षं मंडळात विचित्रच कारभार चालला. चौदा जण बाईंपासून गुपित ठेवत होते, आणि बाई आणि मी त्या चौदा जणांपासून. तालमीत बाई ऐटीत म्हणायच्या, "काळी पाच दे." मी काळी पाच दाबायचे आणि काळी चार वाजायची. तबलजी मान खाली घालून गालात हसायचा. बाई त्याच्याकडे बघून मला नजरेने दटावायच्या की हसू नकोस. एवढा चांगला अभिनय त्यांनी नाटकात कधी केला नाही, हे मी आजही म्हणेन.

शेवटी थांबवलं ते गुडघ्यांनी. पायऱ्या चढून रंगमंचावर येणं जमेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि बाईंनी स्वतःच जाहीर केलं, ठाण्याचा प्रयोग शेवटचा. तो दुपारचा प्रयोग होता. वरच्या षड्जावर बाई थांबल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबल्या, आणि नाट्यगृह वन्समोर, वन्समोर म्हणून उठलं.

प्रयोगानंतर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मोठा हार. दिग्दर्शकांनी भाषण केलं, "सत्तरी ओलांडली, पण बाईंनी काळी पाच शेवटपर्यंत सोडली नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही सगळे मागे रांगेत उभे होतो आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतो. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला वाटलं, या माणसांना मी वर्षानुवर्षं पोटात काही न राहणारी म्हणून नावं ठेवली.

मग बाईंनी माइक घेतला.

"हे म्हणतात, मी काळी पाच सोडली नाही," बाई म्हणाल्या. "खरं आहे. मी नाही सोडली. ही माझ्या मागे उभी आहेत ना, चौदा माणसं, यांनी मला ती सोडू दिली नाही. माझी पट्टी यांनी सांभाळली. मला कळू न देता." त्या मागे वळल्या आणि आमच्या रांगेला त्यांनी हात जोडले.

प्रेक्षकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या झाल्या. आमच्या रांगेतले हात मात्र मध्येच थांबले. नायकाने मान खाली घातली. मेकअपमनने डोळे पुसले. तबलजी माझ्या शेजारी उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"बाईंना माहीत होतं?" तो माझ्या कानाशी पुटपुटला. "तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?" मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवत राहिले.