पदराखालची शेंगाचटणी
शेंगा कुटताना लसणाचा वास उठला की मला सोलापूरचा, मिलचा भोंगा ऐकू येणारा तो दवाखाना आठवतो. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. पीळ पडला म्हणून माझ्या नवऱ्याचं जवळजवळ सगळं आतडं कापून टाकलं होतं. उरलेल्या हातभर आतड्याला झेपावं म्हणून दर दोन तासांनी वाटीभर मिठाची पेज द्यायची, बाकी काही नाही. मी पेज दिली की हे तोंड फिरवायचे आणि वॉर्डातल्या नर्सला म्हणायचे, "सिस्टर, तुमच्या हातची बरूबर ऱ्हाती बगा पोटात." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वजन करताना ती यांचा खांदा धरायची, तेही मला बघवत नसे. एका दुपारी ती जेवायला गेल्यावर मी पदराखालून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. हे डोळे मिटून खात होते आणि मला वाटत होतं, आता मी जिंकले. तासाभरात अंथरूण भरलं, हातपाय गार पडले, पुन्हा सलाईन लावावं लागलं. "काय दिलंत यांना?" डॉक्टरांनी विचारलं. चादरीवरचा चटणीचा तांबडा डाग नर्सनं पाहिला होता. चादर गुंडाळत ती म्हणाली, "माझ्याकडनंच पेज जास्त गेली, सर." सगळ्या वॉर्डादेखत तिनं बोलणी खाल्ली. पुढं वर्षानुवर्षं यांनी माझ्याच हातची पेज घेतली. तरी त्या बाईचा हेवा काही सुटला नाही, कारण तिच्या जागी मी असते तर सरळ बोट दाखवलं असतं.