म्या हाय मागं

येडशी स्टेशनावर तो दिसला की मला हसू येतं. गाडी आली की दाराशी उभा राहून आधी सगळ्यांना चढवतो. “व्हा म्होरं, म्या हाय मागं.”

निजामाच्याच मुलखातल्या कोळशाच्या खाणीत आम्ही एका टोळीत होतो. पाळी सुटली की तिथंही तो सगळ्यांत शेवटी वर यायचा. युनियनचं नाव काढलं की काम जायचं, तरी आम्ही काढलं. साहेबानं त्याला एकट्यालाच हपिसात बोलावलं. ह्यानं दार धरलं, काळ्या तोंडाची अख्खी टोळी आत घातली आणि मग स्वतः शिरला. आता साहेब कुणाकुणाला काढणार? युनियन झाली.

काल त्याची गाडी चुकली. फलाटावर निवांत तंबाखू मळत मला म्हणाला, “समदे चढले न्हवं? मंग झालं.”