चुन्याची रेघ

आमची जीप बघणारा पारनेरचा मिस्त्री कधी नजरेला नजर देऊन बोलायचा नाही. चाकाचा नट आवळला, की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन नटावरून चाकावर रेघ ओढायचा. “रेघ तुटली, की नट ढिला झाला समजायचं,” म्हणायचा.

अकोल्याच्या जंगलातल्या गाड्यांच्या हौशी रॅलीत मी आणि मेहुणा उतरलो, तेव्हा तोही सोबत आला. निघायच्या आधी तो पुण्याहून आलेल्या जोडीच्या जिप्सी गाडीच्या चाकाशी उकिडवा बसलेला दिसला.

“मिस्त्री, तिथं काय?”

“काय न्हाई. बगत हुतो.”

पुढं उतारावर त्याच जिप्सीचं चाक निखळलेलं होतं. नशिबानं आतले दोघं धड होते. मेहुणा त्यांना पाणी देत होता. उरलेल्या तिन्ही चाकांवर, नट ढिले असूनही, मिस्त्रीच्या हातच्या चुन्याच्या रेघा होत्या. कुणी बघायच्या आत मी त्या रुमालानं पुसल्या.

संध्याकाळी आम्ही कप घेतला, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून हसला.