फुटाणे तोंडात ठेवून ऐकायचं

त्या सकाळी अंगण झाडून झाले होते, नळाला पाणी आले होते आणि मी कळश्या भरून ओट्यावर लावत होते. फाटकाशी एक गृहस्थ रिकामी बादली घेऊन उभे राहिले.

"ताई, पोरांना प्यायला पाणी मिळेल का? समोर तालीम चालू आहे."

ते विश्वनाथ धानोरे सर. नांदेडला आमच्या घरासमोर मंगल कार्यालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत ते कॉलेजच्या मुलांची नाटके बसवत. आमच्या ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष व्हायचे होते. माझ्याशी सगळे आवाज खाली करून बोलत. सर मोठ्याने बोलले, मला बरे वाटले.

ओट्यावर माझे पुस्तक उपडे पडले होते. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि मग वाचनालयात झाले. सरांनी पुस्तक आवडले का, असे विचारले नाही. "कुठं कंटाळा आला?" असे विचारले. मी पान दाखवले. ते हसले. "मग तुम्ही संध्याकाळी आमचं वाचन ऐकायला याच."

सरांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरवग्रंथात जाणती माणसे लिहितीलच. मी त्यांच्या एका पद्धतीविषयी लिहिते.

मुलांचे नाटक अर्धेकच्चे असतानाच सर ते बाहेरच्या माणसांना वाचून दाखवायला लावतात. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. कुठे मन लागले नाही, कुठे खरे वाटले नाही, तेवढेच सांगायचे. आणि ज्याने नाटक लिहिले त्याच्या हातावर सर मूठभर फुटाणे ठेवतात. लोक बोलत असताना त्याने ते चावत बसायचे, म्हणजे उलट उत्तर देता येत नाही. उदगीरचा एक मुलगा एकदा भरल्या तोंडाने भांडायला गेला आणि त्याला असा ठसका लागला की तालीम थांबली. "बघ, नाटक घशात अडकलं," सर म्हणाले.

मुलांच्या बोलीला मात्र ते हात लावत नाहीत. कुणी पुस्तकी बोलू लागला की विचारतात, "मायशी असंच बोलतोस का रे?"

त्या मुलांतली रेणुका चाकूरची. तिच्या नाटकात एका बाईचा नवरा जातो. नाटक लातूरच्या स्पर्धेला जायचे होते. त्या संध्याकाळी तिचे वाचन संपले तसे सगळे म्हणाले, "लई भारी!" सरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "ही बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत फोटोपुढं रडते. मला तिची ओळखच पटली नाही. खोटी वाटली."

रेणुकाने तोंडातले फुटाणे कसेबसे गिळले. "काकू, ती माझी माय हाय," म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. तिचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले होते. खोलीत ते सगळ्यांना ठाऊक होते, मला सोडून.

दुसऱ्या सकाळी सर दारात आले. मी त्यांना आत या म्हणाले नाही.

"सर, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्हीही लई भारी म्हणाला असता. आम्ही सगळे दोन महिने तेच करून राहिलो. दया येते, म्हणून तिच्याशी कुणी खरं बोलत नाही."

"मग तिला तरी विचारायचं होतं, परकी बाई ऐकणार आहे, चालेल का म्हणून."

"हो. ते चुकलं," सर म्हणाले.

रेणुका गावी निघून गेली होती. नाटक मागे घेते, असा तिचा निरोप आला. सर एसटीने चाकूरला गेले. त्यांनी परत चल म्हटले नाही. तिच्या आईसमोर हात जोडले आणि म्हणाले, "पोरीला न विचारता मी तिचं दुखणं चारचौघांत मांडलं. नाटक तिचं आहे, ठेवायचं का टाकायचं ते ती ठरवेल." आणि चहा घेऊन परतले. हे मला पुढे रेणुकानेच सांगितले.

आठवड्याने ती आली. वह्या, मुले, सर, सगळे जागेवर होते. ती थेट माझ्यापुढे बसली.

"काकू, ती बाई रडत न्हाई, तर मग करते काय?"

मी सरांकडे पाहिले, कारण सल्ला द्यायचा नाही हा नियम. सर म्हणाले, "सल्ला नकोच. तुमच्या घरी काय झालं, ते सांगता येईल का? नाही म्हणालात तरी चालेल."

हे गेल्यापासून 'कसे झाले' हे शंभरांनी विचारले होते. 'तुम्ही काय केले' हे कुणी विचारले नव्हते. मी सांगितले. रेणुकाने ते जसेच्या तसे घेतले नाही. घरी जाऊन आईला तोच प्रश्न विचारला आणि आईचे उत्तर लिहिले. लातूरला प्रयोग झाला तेव्हा तिची माय पुढे बसली होती. एका ठिकाणी ती माउली मोठ्याने हसली.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सर रोज दुपारी येऊन वाचून दाखवत. मी जांभई दिली की काही न बोलता दुसरे पुस्तक काढत. सांत्वन त्यांनी कधी केले नाही. आज त्यांचे गुडघे दुखतात, तरी पायऱ्या चढून ते तालमीला येतात. त्यांचे गुडघे, डोळे, आवाज टिकून राहोत, त्यांना शंभरी लाभो, आणि तोवर मुलांनी त्यांच्यापुढे कच्ची नाटके वाचत राहावे, एवढेच मागणे.

त्या दिवशी मी काय सांगितले, तेही लिहिते. अर्धे सांगून उठलेले सरांना आवडत नाही.

हे गेले त्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी अर्धापूरहून पिकत आलेला केळ्यांचा घड आणून आढ्याला टांगला होता. दुसऱ्या दिवशी तो पिकून पिवळा झाला. मी तो खाली काढला, रडायला आलेल्या बायकांच्या हातात एकेक केळे ठेवले, मग मागच्या दारी बसून एक मीही खाल्ले. भूक लागली होती.